अण्णांची वाक्यं

आमच्या आईनं खंडेनवमीच्या दिवशी अण्णांची वाचा पाटावर पूजेला मांडली आणि ती बंद पाडली. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. ऐकणारा आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गप्प होतो. आई असती तर म्हणाली असती, "अय्यो, किती वेळा तेच तेच सांगशील गं, लोकांना कामंधामं नाहीत का?" नसू देत. माझ्या आईबापांची गोष्ट आहे, मी सांगणार. वयानं मला आता एवढा हक्क दिलाय, आणि दिला नसता तरी मी घेतला असता.

आम्ही हलसूरचे. मूळ गाव कुठलं असं कुणी विचारलं तर अण्णा हात उडवून "शिवाजी महाराजांच्या वडिलांना विचार" म्हणायचे, कारण घराणं बेंगळूरला आलं ते इतक्या पिढ्यांपूर्वी की सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आमची मराठी घरातल्या घरात वाढलेली. स्वल्प कन्नड, स्वल्प तमिळ, आणि पुण्याचा माणूस समोर आला की आपण चुकतोय की काय अशी उगाच धास्ती. अण्णा होसकोट्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. पहाटे कंपनीची बस पकडायचे, संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन यायचे, आणि हातपाय धुतले की खिडकीत बसून मराठी पुस्तक वाचायचे. आई आनेकलची, शाळा सगळी कन्नडमधून झालेली. देवनागरी ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि जोडाक्षर आलं की "हे गेलं खड्ड्यात" म्हणून कागद बाजूला टाकायची. त्यामुळं अण्णा मोठ्यानं वाचायचे आणि आई कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकायची. आमच्याकडं स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती चौकट होती, आणि त्या चौकटीतून एकीकडून फोडणीचा वास यायचा आणि दुसरीकडून गोष्ट जायची. एखाद्या बाईवर गोष्टीत अन्याय झाला की आई आतून लेखकाला शिव्या घालायची.

मी कॉलेजात असताना एका सकाळी बसची वाट बघत उभे असलेले अण्णा तिथंच खाली बसले. झटका मेंदूला होता. इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. हसायचं तिथं हसायचे, माझ्या परीक्षेचा विषय निघाला की भुवई वर करायचे. पण स्वतःचं वाक्य तोंडातून निघायचं नाही. ओठ हलायचे, घाम यायचा, आणि शेवटी एखादं "ते... ते..." येऊन थांबायचं. बोलायला शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी एक दिवस सहज मोठ्या अक्षरांत छापलेली ओळ समोर धरली आणि अण्णांनी ती घडाघडा वाचली. बाई म्हणाल्या, काहींच्या बाबतीत असं होतं, स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही पण समोर लिहिलेलं वाचता येतं, रोज वाचू द्या. अण्णांच्या कारखान्यातल्या मित्रांनी वर्गणी काढून त्यांना ई-रीडर आणून दिला, कारण त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मोबाईलच्या उजेडानं त्यांचं डोकं दुखायचं. ह्याचा पडदा कागदासारखा होता, त्याचा त्रास व्हायचा नाही.

पुढचं अण्णांनी स्वतः शोधलं, कुणी शिकवलं नाही. वाचता वाचता एखाद्या वाक्यावर बोट दाबून धरलं की खूण होते, आणि खूण केलेली सगळी वाक्यं एका जागी ओळीनं दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. एका दुपारी आई पडली होती, मी अभ्यासाला बसले होते, आणि खिडकीतून अण्णांचा स्वच्छ आवाज आला, "चहा झाला का?" आई धडपडत उठली. अण्णा डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवून बसले होते. कुठल्याशा गोष्टीत एक स्टेशनमास्तर बायकोला हे विचारतो, ते वाक्य त्यांनी उचललं होतं. त्या दिवशी आईनं त्यांना चहावर चहा पाजला, रात्री त्यांना झोप लागेना.

मग काय, वाक्यांचा सपाटाच लागला. डास यायला लागले की, "दार ओढून घ्या, जनावरं आत येतात." हे शिकारीच्या गोष्टीतलं. मला घरी यायला उशीर झाला की, "ही काय वेळ झाली, सरदार?" आमटी खारट झाल्याचं सांगणारं वाक्य कुठल्याच पुस्तकात मिळेना, तेव्हा त्यांनी एका खलाशाचं घेतलं, "यापेक्षा समुद्र बरा होता." आई त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. पण सगळीच वाक्यं हसण्यासारखी नव्हती. औषध घ्यायला, व्यायाम करायला आई मागं लागली की अण्णा एक ठरावीक वाक्य काढायचे, "जा इथून. डोकं खाऊ नकोस माझं." मूळ गोष्टीत एक नवरा बायकोला म्हणतो ते. वाचलेलं वाक्य वाचल्यासारखं यायला हवं ना? हे तसं यायचं नाही. ह्यात अण्णांचा खराखुरा राग असायचा, आजारी माणसाचा, आणि तो सगळा आईच्या वाट्याला. ती औषधाची वाटी ठेवून आत निघून जायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची.

तर ती खंडेनवमी. बेंगळूरला तिला आयुधपूजा म्हणतात, आणि इथं ती जशी होते तशी कुठं होत नसेल. बसगाड्यांना केळीचे खुंट, रिक्षांना झेंडूच्या माळा, दुकानादुकानातून कागदाच्या पुड्यांत चुरमुरे-फुटाणे वाटतात, आणि रस्त्यावर जिकडंतिकडं कुंकू भरून फोडलेले कोहळे, घसरून पडाल असे. घरातलं प्रत्येक यंत्र पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. शिलाईचं यंत्र, मिक्सर, कात्री, विळी, अण्णांचे पाने आणि मापं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, त्या दिवशी हत्यारं विश्रांती घेतात. आईचा ह्यावर ठाम विश्वास. आमच्याकडं त्या दिवशी चटणीसुद्धा आदल्या दिवशी वाटलेली असायची.

सकाळी नाश्त्याच्या वेळी ई-रीडरवर इंग्रजीत एक सूचना आली होती, आतली प्रणाली नवी करायची का म्हणून. अण्णांनी 'हो'वर बोट ठेवलं आणि तो खिडकीत चार्जिंगला लावून आंघोळीला गेले. मी कोहळा आणि केळीचे खुंट आणायला बाजारात. आई पूजेची मांडामांड करत होती. तिनं बघितलं, सगळी यंत्रं पाटावर आली, अण्णांचं सर्वांत लाडकं यंत्र तेवढं राहिलं. पडद्यावर 'बंद करू नका' असं लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत. तिनं वायर काढली. मी करायची तसं बटण दाबून धरून ते झोपवलं. ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. अण्णा आंघोळ करून आले आणि पाटाकडं बघून त्यांनी हात पुढं केला. "आज नाही हो," आई म्हणाली, "उद्या सकाळी. एक दिवस त्यालाही आराम नको का?" अण्णांना काहीतरी सांगायचं होतं. "ते... ते..." करत राहिले. पण सांगायचं कशानं? वाक्यं तर कुंकवाखाली होती. दिवसभर घरात होळग्याचा, म्हणजे पुरणपोळीचा, गोड वास आणि अण्णांची ती नजर. ती नजर मला अजून आठवते, आणि अजून वाईट वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पुन्हा नमस्कार करून ई-रीडर त्यांच्या हातात दिला. पडद्यावर अर्धवट भरलेली एक काळी पट्टी होती. तेवढंच. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चार्जिंगला लावून ठेवला. पट्टी हलली नाही. एस. पी. रोडवरच्या दुकानदारानं उलटासुलटा करून बघितला, सांधीतलं कुंकू नखानं काढलं आणि म्हणाला, "आगल्ल मा, होसदु तगोळ्ळी." होत नाही, नवा घ्या. नवा मिळाला असता हो. त्यात अण्णांची वाक्यं मिळाली नसती.

अण्णा गप्प झाले, आणि हे गप्प होणं झटक्यानंतरच्यासारखं नव्हतं. तेव्हा ते धडपडत तरी होते. आता पाठ करून खिडकीत बसायचे, ताट समोर ठेवलं की चार घास खाऊन सरकवायचे. मी मोठ्या अक्षरांत कागदावर वाक्यं छापून आणली. त्यांनी ती वाचलीच नाहीत. आज वाटतं, बरोबर होतं त्यांचं. ती माझी वाक्यं होती. आई मात्र ताठ. "माझ्या हातानं काही झालं नाही. देवापुढं ठेवलेली वस्तू कधी बिघडते का?" असं ती मला ऐकवायची, शेजारच्या अक्कांना ऐकवायची, एकटी असली तर भांड्यांना ऐकवायची. मला तिचा असा संताप यायचा की मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. मग एका सकाळी भाताला तांदूळ काढायला मी डबा उघडला, तर तांदळात खोल पुरलेला, मऊ पंच्यात गुंडाळलेला ई-रीडर. ओला झालेला फोन तांदळात ठेवतात असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. रोज सगळे झोपल्यावर ती तो पुरत होती आणि मी उठायच्या आत काढून कपाटात ठेवत होती, त्या दिवशी विसरली. माझा राग तिथंच गळाला. मी ई-रीडर काढून घेतला, डबा लावून टाकला आणि वरच्या मजल्यावर सायलीकडं गेले.

सायली आमची भाडेकरू, नुकती पुण्याहून आलेली, इंदिरानगरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायची. आमची मराठी ऐकून तिला हसू फुटायचं, तिची ऐकून आम्हाला. तिनं ई-रीडर उलटून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा ब्रिक झालाय. अपडेट अर्ध्यात कट झाला ना, त्याला आता स्टार्ट कसं व्हायचं तेच माहीत नाहीये. आम्ही वीट झाली म्हणतो. दिसायला धड, उपयोग भिंतीत चिणण्यापुरता." माझा चेहरा बघून तिनं लगेच जोडलं, "पण फर्मवेअर, म्हणजे आतली प्रणाली, परत घालता येतं. संडेला बघू. काकूंना सांग, मला थालीपीठ हवंय."

रविवारी दुपारी ती खाली आली. आईनं थालीपीठ लावलंच होतं, आमच्या पद्धतीचं, नाचणीचं, खूप कांदा घातलेलं. सायलीनं एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं ई-रीडरची पाठ हळूच उचकटली. आत नखाएवढं मेमरी कार्ड होतं. "सगळं ह्याच्यावर. प्रणालीपण, पुस्तकंपण. आपण हे पुसून कोरं करणार आणि त्यावर नवी प्रणाली लिहिणार. त्याआधी जे निघेल ते कॉपी करून घेऊ." अण्णा खुर्ची वळवून बसले होते, कितीतरी दिवसांनी. पुस्तकं निघाली, एकूण एक. मग सायली नुसती टकटक करत राहिली. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "रेणू, खुणांची फाईल नेमकी तेव्हा लिहिली जात होती. ती करप्ट आहे. मी दोनतीन पद्धतींनी ट्राय केलं. पुस्तकं मिळतील, खुणा नाही मिळणार."

आमचं कुजबुजणं आईनं चौकटीतून ऐकलं होतं. तिनं हात पुसले, गॅस बंद केला आणि अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "पुस्तकं राहिलीत. तुमची वाक्यं गेली. माझ्यामुळं गेली. वायर मी ओढली." माझ्या आईनं आयुष्यात स्वतःची चूक इतक्या थोडक्या शब्दांत कबूल केलेली मी ऐकली नव्हती, आधीही नाही आणि नंतरही नाही. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मला वाटलं, आता हे घर असंच राहणार. मग त्यांनी डाव्या हातानं सायलीला खूण केली, कर.

कार्ड लॅपटॉपला जोडलं आणि लिहिणं सुरू झालं. सायलीनं दम भरला, "आता कुणीही काहीही हलवायचं नाही, प्लीज." हे कुणाला होतं ते सगळ्यांना कळलं. आईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली तर ती दारातूनच त्याच्यावर खेकसली, "आमेले बा!" म्हणजे नंतर ये. मग हळूच विचारलं, "लांबून नमस्कार केला तर चालेल का गं?" सायली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "करा काकू. लांबून करा." लॅपटॉपवरची पट्टी सरकत होती, मध्येच थांबत होती. शेवटी कार्ड परत आत गेलं, बटण दाबलं. काही नाही. सायलीनं कार्ड काढून फुंकर मारली, पुन्हा बसवलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, पुन्हा काळा, आणि मग इंग्रजीत स्वागत आलं. मी ओरडले. सायलीनं मला मिठी मारली. आई चौकटीला टेकून खाली बसली.

अण्णांनी तो हातात घेतला. अक्षर मोठं केलं. पुस्तकं बघितली, सगळी होती. मग खुणांची जागा उघडली, आणि तिथं पांढरा कोरा पडदा. तो त्यांनी कितीतरी वेळ धरून ठेवला आणि मग मांडीवर पालथा घातला. आम्ही एवढं करून काय केलं, असं मला झालं. सायली थालीपीठ तसंच टाकून वर गेली.

संध्याकाळी दिवा लावून आई स्टूल घेऊन अण्णांच्या शेजारी बसली. "ते स्टेशनमास्तरचं आधी घ्या," ती म्हणाली. अण्णांनी वर बघितलं. "चहाचं हो. ज्याची बदली होते, आणि बायको रडते, त्या गोष्टीत आहे. सुरुवातीलाच. तो घरात शिरतो ना, बूट काढतो, आणि म्हणतो, चहा झाला का." अण्णांनी पुस्तक उघडलं. सापडलं. बोट दाबून धरलं, खूण झाली. "आता शिकारीचं. वाघ येऊन जातो, तंबूतला म्हातारा ओरडतो, दार ओढून घ्या." सापडलं. मी दारात उभी होते. ज्या बाईला देवनागरीचं एक पान धड वाचता येत नव्हतं, तिला प्रत्येक वाक्य कुठल्या गोष्टीत, कुणाच्या तोंडी, कुठल्या प्रसंगाला आहे ते सगळं ठाऊक होतं. फोडणी देता देता तिनं वर्षानुवर्षं ऐकलेलं ते. अण्णांचं बोट आणि तिचा आवाज, असं चाललं होतं. खलाशाचं वाक्य मिळालं तेव्हा अण्णा हसले. माझं "सरदार" मिळालं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मग आई थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, संपलं. मला माहीत होतं काय राहिलंय ते, अण्णांनाही माहीत होतं, आणि ते न सांगता उठली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. "आणि ते एक," ती म्हणाली. "वाड्यातल्या भाडेकरूंच्या गोष्टीतलं. तो नवरा तिला म्हणतो ते. मधल्या भांडणात." अण्णांनी मान हलवली, नको म्हणून. "नको कसं? तुमचं आहे ते, मी कोण ठेवून घेणारी? काढा." त्यांनी पान काढलं, पण बोट ठेवेनात. तेव्हा तिनं त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि दाबून धरलं. धड वाचता येत नव्हतं तरी ओळ बरोबर निघाली. मला तिथं थांबवेना, मी गच्चीवर गेले आणि पोटभर रडले.

लोक मला विचारतात, मग ते वाक्य त्यांनी पुन्हा वापरलं का. त्यांना हवं असतं की नाही वापरलं. वापरलं की! पुढच्याच आठवड्यात. सकाळी आई कडू काढा घेऊन मागं लागली होती, घ्या हो, एक घोट, घ्या, आणि खोलीतून अण्णांचा आवाज आला, खणखणीत, रागानं भरलेला, "जा इथून. डोकं खाऊ नकोस माझं." आई वाटी घेऊन स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. तिनं वाटी ओट्यावर ठेवली, तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "ऐकलंस का गं," ती म्हणाली, "मला जा म्हणाले." मग पदरानं तोंड पुसून, तोच काढा उचलून, ती पुन्हा आत गेली.